शिंदळ माकुडीची शास्त्रीय नावे

जुन्नर, पुरंदर, सज्जनगड या भागांतील काळ्या कातळांच्या अवघड कपारींत, जेथे ओंजळभर मातीही नीट ठरत नाही, तेथे बोटाएवढ्या जाडीच्या मांसल खोडाची एक वनस्पती उगवते. पावसाळ्यात तिला गुबगुबीत हिरवी पाने फुटतात, भाद्रपदाच्या सुमारास पाच कोनांचे, गडद किरमिजी रंगाचे आणि पिवळ्या ठिपक्यांचे फूल उमलते, आणि उन्हाची तलखी वाढली की पाने गळून उघडे खोड तेवढे कड्याला बिलगून राहते. डोंगरातील माणसे तिला शिंदळ माकुडी म्हणतात. शास्त्राच्या दफ्तरी तिची नोंद फ्रेरिया इंडिका अशी आहे. महाराष्ट्राबाहेर ती निसर्गतः कोठेही उगवत नाही, आणि महाराष्ट्रातही तिची ठाणी मोजकीच आहेत.

फ्रेरिया इंडिका हे नाव दिले एन. ए. डाल्झेल यांनी. मुंबई इलाख्याच्या जंगलखात्याची सूत्रे त्यांच्या हाती होती, आणि डॉ. गिब्सन यांच्या सहकार्याने इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथही त्यांनी 1861 साली सिद्ध केला होता. जुन्नरजवळच्या डोंगरात सापडलेली ही वनस्पती रुईच्या कुळातली खरी, परंतु ज्ञात असलेल्या कोणत्याही प्रजातीत ती बसेना; म्हणून 1864च्या सुमारास त्यांनी तिच्यासाठी स्वतंत्र प्रजाती स्थापिली आणि तिला तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे नाव दिले. फ्रिअर यांची गव्हर्नरीची कारकीर्द 1862 ते 1867 अशी झाली. त्यापूर्वी सातारचे राज्य खालसा झाले त्या वेळी ते तेथे रेसिडेंट होते, म्हणजे या वनस्पतीचा काही मुलूख त्यांच्या अमलाखालचाच होता. मुंबईतील फ्लोरा फाउंटनलाही प्रथम त्यांचेच नाव द्यावयाचे घाटत होते, असे सांगतात. ते कारंजे अखेर पुष्पदेवतेच्या नावे झाले, आणि फ्रिअर यांचे नाव मात्र सह्याद्रीतील एका फुलाला चिकटले.

वनस्पतीच्या शास्त्रीय नावातील पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा. एका प्रजातीत एकच जातिनाम दोन वनस्पतींना देता येत नाही, हा या व्यवहारातील पक्का दंडक आहे. त्याचा प्रत्यय 1958 साली आला. मांसल खोडाच्या, पण पाने जवळजवळ नसलेल्या कॅरलुमा प्रजातीशी या वनस्पतीचे नाते इतके निकटचे आहे की केवळ पानांच्या आधारावर तिची वेगळी चूल मांडणे योग्य नाही, असे ठरवून वनस्पतिशास्त्रज्ञ रौली यांनी तिला त्या प्रजातीत घातले. परंतु ‘इंडिका’ हे जातिनाम तेथे आधीच दुसऱ्या वनस्पतीला बहाल झालेले होते. तेव्हा नवे नाव योजणे भाग पडले, आणि ते कॅरलुमा फ्रेरी असे ठरले. प्रजातीच्या मानाच्या जागेवरून गव्हर्नरसाहेब जातीच्या जागेवर उतरले, पण नावातून गेले नाहीत. पुढे याच गोतावळ्याची फेरमांडणी झाली तेव्हा बौसेरोसिया फ्रेरी हे तिसरे नाव आले.

आमच्या मते यातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. माकुडी हे नाव खेड्यांतून कॅरलुमाच्या निष्पर्ण जातींनाही लावतात; पाने असोत वा नसोत, खोडाची ठेवण ओळखून लोकांनी या बहिणींना एकाच घरात बसविले होते. विद्वानांचा निवाडा पुष्कळ उशिरा तेथेच येऊन पोहोचला.

आज भारतीय ग्रंथांतून व वनस्पतिसंग्रहांतून फ्रेरिया इंडिका हेच नाव रूढ आहे, तर परदेशी बागांतील पाट्यांवर बहुधा कॅरलुमा फ्रेरी असते. अशा दुर्मिळ वनस्पतीच्या बाबतीत हा भेद क्षुल्लक नव्हे, कारण एकच वनस्पती तीन नावांनी तीन याद्यांत विखुरली तर तिची ठाणी किती आणि ती कोठे उरली याचा हिशेब चुकतो. म्हणून लिहिणाऱ्याने शास्त्रीय नावापुढे डाल्झेल यांचे नाव जोडावे, पर्यायी नावे द्यावी, आणि शिंदळ माकुडी हे नाव तर मुळीच गाळू नये. पावसाळ्याच्या अखेरीस गडावर जाणाऱ्या वाचकांना ती एखाद्या कपारीत दिसलीच, तर स्थळ व तिथी टिपून घ्यावी, छायाचित्र घ्यावे. रोप मात्र उपटून घरच्या कुंडीत आणू नये.