वाइड रिसीव्हरची पारख

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायाने मारायचा गोल चेंडू येतो. अमेरिकेत याच नावाचा जो खेळ चालतो, त्यातला चेंडू लंबगोल असतो आणि तो बहुतांशी हातानेच खेळला जातो. मला या खेळाची गोडी लागली ती मात्र मैदानाबाहेर चालणाऱ्या एका निवडीमुळे. माणसाची पारख करणे किती अवघड आहे, हे तिथे फार स्वच्छ दिसते.

या निवडीला 'ड्राफ्ट' म्हणतात. १९३६ सालापासून व्यावसायिक संघ दरवर्षी महाविद्यालयीन खेळाडूंमधून आळीपाळीने निवड करीत आले आहेत. आज ३२ संघ असून निवडीच्या सात फेऱ्या होतात. गेल्या हंगामात सर्वांत मागे पडलेल्या संघाची पाळी पहिली, विजेत्याची शेवटची. दुबळ्याला हात मिळावा हा हेतू. पण निवडच चुकली तर दुबळा दुबळाच राहतो.

या खेळाडूंपैकी वाइड रिसीव्हरची परीक्षा मला विशेष कठीण वाटते. हा गडी मैदानाच्या कडेला उभा राहतो, ठरलेल्या वाटेने धावतो, पाठीशी लागलेल्या प्रतिस्पर्ध्याला चुकवतो आणि क्वार्टरबॅकने लांबून फेकलेला चेंडू झेलतो. साहजिकच पहिला प्रश्न येतो वेगाचा. १९८७ पासून इंडियानापोलिस शहरात होत आलेल्या चाचणीत ४० यार्ड, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटर, धावण्याची वेळ घेतात. तिथल्या सेकंदाच्या एका दशांशावर तरुणांचे भाव चढतात आणि उतरतात.

पण घड्याळ सारे सांगत नाही. २०१७ साली जॉन रॉस याने हे अंतर ४.२२ सेकंदांत कापले. तो त्या वेळचा विक्रम होता. सिनसिनाटीच्या संघाने त्याला नवव्या क्रमांकावर उचलले. पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही झेल लागला नाही आणि पुढेही दुखापतींनी त्याची पाठ सोडली नाही. त्याच चाचणीत कूपर कप याला ४.६२ सेकंद लागले. तो ६९ व्या क्रमांकापर्यंत थांबला. पुढे २०२१ च्या हंगामात १४५ झेल आणि १,९४७ यार्ड मिळवून तो दोन्ही बाबतींत साऱ्या स्पर्धेत पहिला आला.

मग पाहावे तरी काय? माझ्या मते तीन गोष्टी. पहिली, सुटका. खो-खोतला चपळ खेळाडू केवळ वेगाने सुटत नाही, हुलकावणीने सुटतो. तसेच इथेही आहे. पूर्ण वेगात असताना एकदम थबकून वळता येते का, आणि वळण्याआधी अंगाचा कल ते वळण उघडे करतो का, हे पाहावे लागते. दुसरी गोष्ट हातांची. चेंडू छातीशी कवटाळणाऱ्यापेक्षा तो हात पुढे करून बोटांत घेणारा भरवशाचा. तिसरी गोष्ट आकड्यांची, पण ते संदर्भासकट वाचावेत. संघाने फेकीवर मिळवलेल्या एकूण यार्डांत या मुलाचा वाटा किती? तो किती वयाचा असताना? समोरचे संघ कसे होते? एकोणिसाव्या वर्षी संघाचा भार उचलणारा आणि तेविसाव्या वर्षी लहान मुलांत चमकणारा, यांचे आकडे सारखे असले तरी मोल सारखे नसते.

संदर्भाचा अर्थ मात्र लहान महाविद्यालय म्हणजे लहान खेळाडू असा नव्हे. जेरी राइस मिसिसिपीतल्या एका छोट्या महाविद्यालयात खेळत होता. वडील गवंडी, त्यांच्या हाताखाली विटा झेलून त्याचे हात तयार झाले होते. त्याच्या वेगाबद्दल मात्र जाणकारांना शंका होती. १९८५ च्या ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी दोन रिसीव्हर निवडले गेले. विजेता असल्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोची पाळी शेवटी होती. प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी सौदा करून १६ वा क्रमांक मिळवला आणि राइसला घेतले. निवृत्त होताना त्याच्या खात्यावर २२,८९५ यार्ड जमा होते. तो विक्रम आजही अबाधित आहे.

वाचकहो, गुणपत्रिकेवरून माणूस ओळखण्याची सवय आपल्यालाही आहेच. मोजमाप निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. अगदीच संथ धावणारा तिथे टिकत नाही. मात्र जे सहज मोजता येते तेच महत्त्वाचे, असे धरून चालणारा परीक्षक विटा झेललेले हात पाहायचे विसरतो.