हिंगालाही वास येईना तेव्हा

किराणा-भुसाराच्या व्यापारात नाक हे तराजूइतकेच महत्त्वाचे साधन मानले जाते. पोत्यातून काढलेला मूठभर गहू नाकाशी नेला आणि कुबट वास आला, की मालाला ओल लागल्याचे कळते. तुपाचा डबा उघडताच ते ताजे की खवट, याचा निर्णय क्षणात होतो. हिंगाची पारख तर बहुतांशी वासावरच चालते. या साधनाची किंमत कोणत्याही ताळेबंदात मांडलेली नसते. त्यामुळे ते एकाएकी निकामी झाले, तर नेमके काय गमावले हे ध्यानात यायलाही काही काळ जातो.

सन २०२० मध्ये असंख्य कुटुंबांना हा अनुभव आला. ताप नाही, खोकला नाही, नाकही चोंदलेले नाही. तरी फोडणीचा वास येईना आणि जेवण मातीसारखे लागू लागले. सर्दीपडशात किंवा इन्फ्लुएंझानंतर वास जाणे वैद्यकशास्त्राला नवे नव्हते. मात्र कोरोनाच्या साथीत ते इतक्या मोठ्या प्रमाणावर आणि बंद नाकावाचून घडले, की तीच आजाराची खूण ठरली. ब्रिटनने १८ मे २०२० रोजी आणि भारताच्या आरोग्य मंत्रालयाने १३ जून २०२० रोजी गंध व चव जाण्याचा समावेश कोरोनाच्या लक्षणांत केला. तोपर्यंत अशी माणसे ‘अंगात ताप तर नाही ना’ एवढ्या समाधानावर घरात आणि पेढीवर वावरत राहिली. पुढे आलेल्या ओमायक्रॉन प्रकारात हे लक्षण बरेच कमी आढळले, तरी ते नाहीसे झालेले नाही.

‘तोंडाची चव गेली’ अशी तक्रार बहुतेक जण करतात. वस्तुतः पुष्कळदा गेलेला असतो तो गंध. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी म्हणून ओळखली जाणारी रुची एवढेच मूलभूत भेद कळतात. बाकीचा सारा थाट घशामागून नाकात चढणाऱ्या वासाचा असतो. नाक चिमटीत धरून वेलदोडा-केशर घातलेले श्रीखंड जिभेवर ठेवावे; गोडी आणि आंबटपणा कळेल, पण वेलदोडा कळणार नाही. चिमूट सोडताच तो प्रकट होतो. अर्थात कोरोनात काहींची जिभेची संवेदनाही खरोखर मंदावते. त्यांना मीठ आणि साखर यांतला फरकही जाणवत नाही.

नाकपुडीच्या वरच्या टोकाला, छताशी, गंध टिपणाऱ्या चेतापेशींचा एक लहानसा पट्टा असतो. माणसात गंध ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक कार्यरत असतात. या ग्राहकांच्या शोधासाठी रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कोरोनाचा विषाणू या चेतापेशींवरच घाला घालतो, अशी आरंभी भीती होती. हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयातील संशोधकांनी जुलै २०२० मध्ये दाखवून दिले, की विषाणूला शिरकाव करून देणारी द्वारे चेतापेशींवर नसून त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर असतात. पेढीचा मालक शाबूत, पण गुमास्ते आजारी पडल्याने व्यवहार ठप्प, असाच हा प्रकार. आधारपेशी लवकर भरून निघतात. म्हणूनच बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परततो. ज्यांच्या गंधपट्ट्याची हानी अधिक होते, त्यांना मात्र महिनोन्महिने वाट पाहावी लागते.

या अवधीत सर्वांत मोठा धोका स्वयंपाकघरात असतो, आणि त्याकडे घरातल्यांचे लक्ष सर्वांत कमी जाते. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे गंधकयुक्त द्रव्य मिसळलेले असते. हिंगाचा उग्र दर्पही गंधकयुक्त द्रव्यांचाच. त्यामुळे डबी नाकाशी धरूनही ज्याला हिंग कळत नाही, त्याच्या भरवशावर गॅसची शेगडी सोडू नये. सकाळी सर्वांआधी एकट्याने स्वयंपाकघरात जाणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत हे विशेष. रात्री रेग्युलेटर बंद करण्याचे काम वास येणाऱ्या व्यक्तीकडे द्यावे. गळती सूचित करणारे यंत्र बसवायचे तर ते जमिनीलगत बसवावे, कारण हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. गळतीच्या वेळी दिव्याचे बटण न दाबता दारे-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

दुसरा धोका मिठाचा. चव लागत नाही म्हणून वरून मीठ घेण्याची सवय रक्तदाबाच्या रुग्णाला महागात पडते. मीठ चमच्याने मोजून घालावे आणि रुचीसाठी लिंबू, मिरे, आले ज्यांच्या खाण्यात असेल तर ते, किंवा सुंठ योजावी. मिरे-सुंठीचा तिखटपणा वेगळ्या चेतातंतूंना कळतो, त्याला नाकाची गरज नसते.

उपचारांत सर्वांत बिनखर्चाचा आणि निर्धोक म्हणजे गंधाचा सराव. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये तो मांडला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास सकाळ-संध्याकाळ, निदान बारा आठवडे, प्रत्येकी काही सेकंद लक्षपूर्वक घ्यायचे. भराभर हुंगून उरकल्यास उपयोग नाही. तो वास पूर्वी कसा होता हे आठवत बसावे लागते. याचा गुण सर्वांनाच येतो असे नाही, पण गंधाच्या चेतापेशी आयुष्यभर नव्याने निर्माण होत असल्याने आशेला आधार आहे. नाकातले फवारे किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या मात्र औषधविक्रेत्याच्या सल्ल्याने घेऊ नयेत. एकाच नाकपुडीचा वास गेला, डोक्याला मार लागल्यानंतर गेला, किंवा कसल्याही सर्दीवाचून हळूहळू मंदावत गेला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवणे आवश्यक. पार्किन्सनसारख्या विकारात कंप सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधी गंध मंदावलेला असू शकतो.

बरे होताना काहींच्या वाट्याला एक विचित्र टप्पा येतो. कॉफी, भाजलेले आणि तळलेले पदार्थ यांना जळका किंवा सडका दर्प येऊ लागतो. घरातल्यांना तो नखरा वाटतो आणि सूनबाईंच्या स्वयंपाकाला नावे ठेवली जात असल्याचा गैरसमजही होतो. प्रत्यक्षात अर्धवट जुळलेल्या चेतांचा तो घोटाळा असतो आणि पुष्कळदा गंध परतू लागल्याचे ते चिन्हही असते. गरम पदार्थांतून वास अधिक उठतो. म्हणून अशा दिवसांत दहीभात, फळे, भिजवलेले मूग असे थंड आणि सौम्य पदार्थ रुग्णाला अधिक सोसतात, आणि तळण त्याच्या खोलीपासून दूर करावे.