खाजकुइली
(कुहिली, कुयली, हिं. केवाँच, कौंच, सं. कपिकच्छु, आत्मगुप्ता, लॅ. म्यूकुना प्रूरिएन्स, कुल-लेग्युमिनोजी). उष्ण प्रदेशांत रानात व कुंपणांवर वाढणारी ही वेल भारतात बहुतेक सर्वत्र व महाराष्ट्रात कोकण, सह्याद्री इ. भागांत आढळते. पाने संयुक्त व त्रिदली. फुले जांभळी, पतंगरूप असून लोंबत्या मंजरीवर येतात. शिंबा (शेंग) ५–८ सेंमी. लांब, इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वाकडी व दाट, ताठ केसांनी झाकलेली असते. बिया ४–६, काळ्या किंवा ठिपकेदार. हे केस त्वचेत रुतल्यास त्यांतील म्यूक्यूनेन या प्रथिनविघटक एंझाइमामुळे तीव्र खाज सुटते. ती मुख्यतः हिस्टामिनामुळे होत नसल्याने हिस्टामीनरोधी औषधांनी फारशी शमत नाही. स्वतःचे असे रक्षण करणारी म्हणून ‘आत्मगुप्ता’ हे नाव अन्वर्थक ठरते.

आयुर्वेदात बी पौष्टिक व वाजीकर मानले आहे. मद्रास येथे दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्ये बियांतून एल-डोपा हे ॲमिनो अम्ल वेगळे केले. कंपवातात मेंदूतील डोपामीन घटते. डोपामीन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. एल-डोपा मात्र शिरते व तेथे त्याचे डोपामीन बनते. १९६० नंतरच्या दशकात ते या रोगावरील प्रमुख औषध ठरले. आता ते बहुतांशी संश्लेषणाने बनवितात. बियांतील त्याचे प्रमाण वाण व जमिनीप्रमाणे बदलते (सामान्यतः सु. ३–६%), त्यामुळे चूर्णाची मात्रा अंदाजाने ठरविणे धोक्याचे असते. मळमळ, रक्तदाब उतरणे व भ्रम हे दुष्परिणाम संभवतात. वैद्यकीय देखरेखीशिवाय, विशेषतः कंपवाताची इतर औषधे चालू असता, ते घेऊ नये.

लागवड : रानातील शेंगा गोळा करणे त्रासाचे असून पक्व बियाच काढून नेल्याने पुनरुत्पत्ती घटते, म्हणून लागवड हितावह होय. तीसाठी यूटिलिस हा प्रकार सोयीचा असतो. त्याच्या शेंगांवरील लव मऊ असून खाजरी नसते. निचऱ्याच्या जमिनीत पावसाळ्याच्या आरंभी बी टोकतात. दोन रोपांत सु. १ मी. अंतर ठेवून वेलींना बांबूचा वा झुडपांचा आधार देतात. पाणी साचू देत नाहीत. मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजंतू हवेतील नायट्रोजनाचे स्थिरीकरण करीत असल्याने नायट्रोजनी खत थोडे पुरते. साधारणतः ५-६ महिन्यांत शेंगा तपकिरी होऊ लागतात. त्या एकाच वेळी पिकत नसल्याने वेचे टप्प्याटप्प्याने करतात. रानटी प्रकाराचे बी मिसळल्यास खाजऱ्या शेंगा येतात; म्हणून बियाण्याची निवड काळजीपूर्वक करावी लागते.

औषधाखेरीज हा प्रकार हिरवळीचे खत व आच्छादन-पीक म्हणूनही उपयुक्त आहे. होंडुरास व बेनिन येथील शेतकऱ्यांनी मक्याच्या शेतांत त्याचा वापर केला; दाट वेलीखाली तण दबते व झडलेल्या पाल्याने जमीन सुपीक होते. बिया खाण्यापूर्वी भिजवून, वारंवार पाणी बदलून शिजवाव्या लागतात. तसे न केल्यास उलट्या होतात.