अपग्रेडमध्ये काय गळालं?

2001 साली विंडोज एक्सपी बाजारात आलं आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला. मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावांची संगणकाशी ओळख झाली ती बहुतांशी याच काळात. बुलढाणा-मलकापूर रस्त्यावरच्या या गावात तहसील आहे, पंचायत समिती आहे, अलीकडे नगरपंचायतही आहे. अशा ठिकाणचा संगणक राबतो तो मुख्यतः मराठी कागदासाठी: अर्ज, प्रतिज्ञापत्रं, ठराव, नोटिसा, लग्नपत्रिका. एक्सपीनंतर व्हिस्टा, सेव्हन, एट, टेन आणि इलेव्हन अशा आवृत्त्या आल्या. दर वेळी नवं काय आलं याचा गाजावाजा झाला. काय काढलं याची यादीही कंपनी प्रसिद्ध करते, पण ती वाचतो कोण? या पंचवीस वर्षांचा हिशेब मांडला, तर ज्यांचा आवाज मोठा होता त्यांच्या सोयी परत आल्या आणि मराठीत काम करणाऱ्यांच्या सोयी गेल्या त्या गेल्याच, असं माझं म्हणणं आहे.

आधी परत आलेल्या सोयी पाहू. ऑक्टोबर 2012 मध्ये विंडोज एटमधून स्टार्ट बटण काढलं गेलं. जगभर ओरड झाली आणि वर्षभरात 8.1 मध्ये बटण परतलं, पुढे 2015 च्या विंडोज टेनमध्ये मेनूही परतला. ऑक्टोबर 2021 च्या विंडोज इलेव्हनमध्ये फाइल ओढून टास्कबारवर नेण्याची सोय गेली आणि उघड्या खिडक्यांची नावं वेगवेगळी दाखवणंही बंद झालं. पहिली सोय 2022 मध्ये परत आली, दुसरी 2023 मध्ये. म्हणजे या गोष्टी काढण्यामागे तांत्रिक नाइलाज नव्हता. तो कंपनीचा निर्णय होता आणि तक्रारी पुरेशा आल्यावर तो फिरवता आला.

आता मराठीकडे येऊ. युनिकोड ही अक्षरांची सामाईक संकेतपद्धती रुळण्यापूर्वी सरकारी कार्यालयांत सी-डॅकचं आयएसएम आणि छपाईच्या दुकानांत श्रीलिपी किंवा आकृती अशी सॉफ्टवेअर चालत. या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: कुठे काना, कुठे अर्धा त, कुठे रफार. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. त्या काळातली फाइल आज नव्या संगणकावर उघडली, तर फॉन्ट नसल्यास पडद्यावर रोमन अक्षरं, टिंबं चढवलेली युरोपीय अक्षरं आणि विरामचिन्हं यांचा खच दिसतो. जुना फॉन्ट टाकला की मजकूर दिसू लागतो, कारण फॉन्ट नव्या विंडोजवरही चालतो. अडतं ते पुढे. त्या मजकुरात एक आडनाव दुरुस्त करायचं म्हटलं, तर तो लिहिणारं जुनं सॉफ्टवेअर लागतं. संगणकाची मेमरी चार जीबीच्या पुढे गेली तशी 64-बिट विंडोज आली आणि तिच्यावर 16-बिट प्रोग्रॅम अजिबात चालत नाहीत. काही सॉफ्टवेअर स्वतः 32-बिट असली तरी त्यांचा सेटअप 16-बिट असे, त्यामुळे ती बसवताच येत नाहीत. काहींना प्रिंटरच्या जुन्या पोर्टात बसणारं लॉक लागे. ते पोर्ट नव्या संगणकांतून गेलं आणि लॉकचे जुने ड्रायव्हर नवी विंडोज स्वीकारत नाही. कागद डोळ्यांना दिसतो, पण हात लावता येत नाही, असा हा प्रकार आहे.

हाताचं नुकसान आणखी खोल आहे. राज्यात लिपिकाच्या नोकरीसाठी मिनिटाला 30 शब्दांचं मराठी टंकलेखन प्रमाणपत्र मागितलं जातं आणि कित्येक पिढ्यांनी ते टाइपरायटरच्या कळफलकावर मिळवलं. विंडोजमध्ये मराठीसाठी मुळात दिला गेला तो इन्स्क्रिप्ट हा वेगळ्या मांडणीचा कळफलक. 2019 मध्ये उच्चारानुसार टाइप करण्याचा कळफलक त्याच्या जोडीला आला. टाइपरायटरची मांडणी हवी असेल, तर ती बाहेरून आणून बसवावी लागते आणि विंडोज पुसून नव्याने टाकली की तीही जाते. बोटांना वीस वर्षांत लागलेलं वळण संगणक दुरुस्त करणाऱ्याला दिसत नाही, म्हणून ते त्याच्या बॅकअपमध्येही येत नाही.

युनिकोडमुळे हे सारं सुटलं, असं कुणी म्हणेल. बरंच सुटलं, हे मान्यच आहे. मराठी मजकूर शोधता आला, मोबाइलवर वाचता आला आणि तो कोणत्याही एका कंपनीच्या फॉन्टावर अवलंबून राहिला नाही. पण युनिकोडच्या फायलीही सुटलेल्या नाहीत. एक्सपीच्या काळापासून मराठी कागद ‘मंगल’ फॉन्टात तयार झाले, पुढे विंडोज सेव्हनमध्ये कोकिळा, उत्साह आणि अपराजिता आले. विंडोज टेनमध्ये हे सारे फॉन्ट मूळ संचातून काढून ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ या ऐच्छिक भागात टाकले गेले. मराठी भाषा आधीच निवडलेली असेल तर ते आपोआप येतात. ती निवडलेली नसेल, तर सेटिंग्जमध्ये जाऊन इंटरनेटवरून उतरवून घ्यावे लागतात. तोवर मंगलच्या जागी निर्मला यूआय दिसतो. अक्षरांची रुंदी आणि ओळींची उंची बदलते, एका पानात बसवलेला नमुना दुसऱ्या पानावर जातो आणि सहीची जागा एकटीच खाली उरते. माहितगाराला हे पाच मिनिटांचं काम आहे. ज्याला फॉन्ट कुठे गेला हेच ठाऊक नाही, तो मात्र सगळा नमुना नव्याने जुळवत बसतो.

सुरक्षेचा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने फाइल वाटून घेण्याच्या जुन्या एसएमबी पद्धतीतल्या फटीतून जगभरचे संगणक ओलीस धरले. त्याच वर्षी विंडोज टेनच्या नव्या आवृत्तीत त्या पद्धतीची पहिली पिढी नव्या मांडणीत मुळात बंद ठेवली गेली. त्यामुळे एक्सपीच्या संगणकाशी फाइल वाटून घेणं अडलं असेल, तरी ते काढणं योग्यच होतं. माझी तक्रार अशा कपातीबद्दल नाही. सुरक्षेसाठी जे काढावं लागतं आणि जे कुणाच्या तरी आवडीने काढलं जातं, ते एकाच पुडीत बांधून दिलं जातं आणि नाकारलं तर सुरक्षाही मिळत नाही, हे चुकीचं आहे. मंगल फॉन्ट मूळ संचात राहिला असता तर त्यातून कोणता विषाणू शिरला असता? विंडोज सोडून लिनक्स वापरा, हा सल्लाही चांगला आहे. पण जुन्या फायली आणि हाताची सवय हे दोन्ही प्रश्न तिथेही तसेच उभे राहतात.

विंडोज टेनचा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. इलेव्हनला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि साधारण 2017 नंतरचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे या वेळी बऱ्याच ठिकाणी अख्खं यंत्रच बदलेल आणि जुनं भंगारात जाईल. मोताळ्यातल्या कार्यालयांना, शाळांना आणि टायपिंगच्या दुकानांना एवढंच सांगायचं आहे: जुना संगणक देण्याआधी त्यातल्या मराठी फायली उघडून पाहा. जुन्या फॉन्टातल्या युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदललेल्या मजकुरातले रफार, जोडाक्षरं आणि आकडे मूळ छापील कागदाशी ताडून पाहा. टाइपरायटरचा कळफलक कोणत्या सॉफ्टवेअरने चालतो, तेही लिहून ठेवा. हे काम जुना संगणक चालू आहे तोवरच होईल.