जैवतंत्रज्ञान: आधी डुकरं, मग जनुकं

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये ‘बायोई३’ धोरण मंजूर केलं आणि जैवअर्थव्यवस्थेचे आकडे भाषणांतून सारखे कानावर पडू लागले. २०३० पर्यंत ३०० अब्ज डॉलर, हे त्यातलं लाडकं लक्ष्य. आकडा दणदणीत आहे. त्यात काय काय धरलंय, हे विचारणारे मात्र कमी. तसं विचारायचं तर ‘जैवतंत्रज्ञान’ या शब्दाचं कूळ पाहावं लागतं. तिथे जनुकं नाहीत, डुकरं आहेत.

कारोय एरेकी हा हंगेरीचा अभियंता. महायुद्धाच्या काळात त्याने हजारो डुकरं एकाच वेळी पोसणारा अवाढव्य प्रकल्प उभारला. डुक्कर त्याच्या लेखी यंत्रच होतं: एका बाजूने चारा घालायचा, दुसऱ्या बाजूने मांस आणि चरबी काढायची. मांस, चरबी आणि दूध यांच्या कारखानदारी उत्पादनावरचं त्याचं जर्मन पुस्तक १९१९ मध्ये बर्लिनला निघालं. ‘बायोटेक्नॉलॉजी’ हा शब्द त्याच्या शीर्षकातच होता. त्याच वर्षी हा गडी देशाचा अन्नमंत्रीही झाला!

पुढे शब्द हवा तसा ताणला गेला. इंग्लंडमधल्या लीड्सला तो मद्यनिर्मितीतल्या किण्वनाशी जोडला गेला, तर अमेरिकेत काही काळ माणूस आणि यंत्र यांचा मेळ घालण्याच्या शास्त्राला तेच नाव होतं. १९७६ मध्ये जेनेनटेक ही जनुक-अभियांत्रिकीची कंपनी स्थापन झाली, १९८२ मध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन औषध म्हणून मंजूर झालं. तेव्हापासून जैवतंत्रज्ञान म्हटलं की डोळ्यांसमोर प्रयोगशाळाच येते.

कागदावर मात्र व्याख्या सैलच राहिली. १९९२ च्या जैवविविधता करारानुसार सजीव किंवा त्यांच्यापासून मिळणारे पदार्थ वापरून उपयोगाचं काही बनवणारं कोणतंही तंत्र त्यात बसतं. म्हणजे घरचं दह्याचं विरजणही.

म्हणूनच जैवअर्थव्यवस्थेच्या आकड्यात लशी आणि बीटी कापसाच्या पंक्तीला इथेनॉलही बसतं. मळी यीस्टने आंबवून ते काढणारे साखर कारखाने कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला नवे नाहीत. पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण २०१४ च्या सुमारास दोन टक्क्यांच्याही आत होतं, २०२५ मध्ये ते वीसवर पोचलं. या वाढीचं श्रेय नव्या संशोधनापेक्षा सरकारी खरेदीला अधिक जातं. जनुक-बदल केलेल्या पिकांकडे पाहिलं, तर देशात व्यापारी लागवड २००२ पासून एकट्या बीटी कापसाचीच. बीटी वांगं २०१० मध्ये स्थगितीत अडकलं ते अजून सुटलेलं नाही.