घर महागते, यंत्र स्वस्त होते

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे जुनी माणसे म्हणत. दोन्हींचा खर्च धरलेल्या अंदाजात बसत नाही, हा त्यांचा अनुभव. परंतु बाजारातल्या सगळ्याच वस्तू घरासारख्या वागत नाहीत.

सरकारी घरकुलाचेच पाहा. इंदिरा आवास योजनेत सपाटीच्या भागात १९९६ साली एका घराला २०,००० रुपये मिळत. २००४ साली २५,०००, २०१० साली ४५,००० आणि २०१३ साली ७०,००० झाले. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना आली आणि रक्कम १,२०,००० ठरली. वीस वर्षांत सहापट! तरीही पदरचे घालावे लागतात, ते वेगळेच.

आता मोबाईल फोन घ्या. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांच्याशी देशातले पहिले मोबाईल संभाषण केले. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास पडत आणि आलेल्या फोनचेही पैसे मोजावे लागत. २०१६ नंतर बहुतेक रिचार्जमध्ये मिनिटे मोजणेच थांबले. जुलै २०२४ मध्ये कंपन्यांनी दर वाढवले, तरी जुन्या मानाने ते किरकोळच. सरकारने वाटपासाठी घेतलेला एलईडी दिवा २०१४ साली ३१० रुपयांना पडे, तोच २०१६ साली ३८ रुपयांना पडला.

असे का होते? दिवा आणि फोन कारखान्यात लाखांनी तयार होतात. माल वाढला, कसब सुधारले, की नगामागे खर्च उतरतो. घर मात्र एकेक करूनच उभे राहते. गवंडी आजही वीट हातानेच लावतो आणि त्याची मजुरी दरसाल चढते. वाळू, खडी लांबून आणावी लागते. गावठाणातली जागा तर वाढतच नाही, भाऊवाटणीत ती तुकड्यांनी कमीच होते.

म्हणून घरातल्या कर्त्या माणसाने आणि कारभारणीने मिळून खर्चाच्या दोन याद्या कराव्यात. थांबल्याने महागणारे एकीकडे, थांबल्याने स्वस्त होणारे दुसरीकडे. मोठा टीव्ही किंवा नवा फोन हप्त्याने घेतला, तर हप्ते फिटेपर्यंत त्याची किंमत निम्म्यावर आलेली असते. तो वर्षभराने घेतला तर काही अडत नाही. फवारणी पंपासारखे, हंगामात पैसा परत करणारे यंत्र मात्र याला अपवाद समजावे.

घराच्या बाबतीत ऐपतीपेक्षा मोठा पाया घालून काम अर्धवट सोडू नये. उघड्या सळया गंजतात, भिंती पावसात भिजतात आणि पुढच्या वर्षी भाव चढलेले असतात. घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे. तेवढे का होईना, छपरासकट पुरे करावे. एका बाजूला वाढीव खोलीसाठी जागा मोकळी सोडावी. मुलांचे हात मिळवते झाले, की ती बांधता येईल.