फोनची बॅटरी वाचवा, पण ‘दामिनी’चा आवाज बंद करू नका

हट्टा (ता. वसमत) : सकाळी फुल चार्ज करून शेतात नेलेला फोन दुपारीच लाल होतो. लाईट कधी येईल याचा भरवसा नाही. फोन तर खिशातच होता, मग बॅटरी गेली कुठं?

स्क्रीन बंद असली तरी बरीच अॅप मागं चालूच असतात. फेसबुक, खरेदीची अॅप, गेम हे नेटवर नवीन काही आलं का ते बघत राहतात, काही लोकेशनही घेतात. त्यात शेतात रेंज कमी. कमी रेंजमध्ये टॉवर धरून ठेवायलाच फोनची जास्त ताकद जाते.

अनेक जण दर थोड्या वेळानं सगळी अॅप वर सरकवून काढून टाकतात. त्याचा फारसा उपयोग नाही. रोजचं अॅप पुन्हा पहिल्यापासून उघडायला उलट जास्त बॅटरी लागते. बॅटरी वाचवतो म्हणणारं वेगळं अॅप तर टाकूच नका, ते स्वतःच मागं चालतं आणि वर जाहिराती दाखवतं.

खरी सोय सेटिंगमध्येच आहे. सेटिंग्ज, अॅप्स, हवं ते अॅप, मग बॅटरी. अँड्रॉइड १२ पासून तिथं बहुतेक फोनमध्ये तीन पर्याय दिसतात : अनरिस्ट्रिक्टेड, ऑप्टिमाइज्ड, रिस्ट्रिक्टेड. कंपनीप्रमाणे नावं थोडी बदलतात. गेम आणि खरेदीची अॅप बिनधास्त रिस्ट्रिक्टेड करा. व्हॉट्सअॅपला मात्र करू नका, मेसेज आणि कॉल उशिरा येतील.

आता महत्त्वाचं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनं तयार केलेलं ‘दामिनी’ अॅप आपल्या जवळ, २० ते ४० किलोमीटरच्या आत, वीज पडत असेल तर इशारा देतं. पण ते मागं चालू असेल तरच. बॅटरीच्या नादात तेही रिस्ट्रिक्टेड केलं, तर इशारा उशिरा येईल किंवा येणारच नाही. म्हणून दामिनी अनरिस्ट्रिक्टेड ठेवा, लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ अशी द्या आणि नेट चालू ठेवा. काही फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’चं बटण वेगळं असतं, तेही चालू लागतं. पूर्ण फोनचा बॅटरी सेव्हरही ढग आले की बंद करा.

जिथं रेंजच नाही तिथं हे सगळं करूनही इशारा येणार नाही. गडगडाट कानावर आला की झाडाखाली न थांबता पक्कं घर गाठा.